मुका सिनेमा

माणगावच्या नाक्यावर तळ्याला जाणाऱ्या गाड्या उभ्या असतात, त्यात एक निळी, जुनाट मॅजिक आहे. तिच्या पुढच्या काचेत पुठ्ठ्याची पाटी असते. पाटीवर 'तळा' एवढी दोनच अक्षरं, पण काय अक्षरं! 'ळ'ची दोन्ही पोटं सारखी गोल, काना सरळ, वरची रेघ कुठे जाड नाही की बारीक नाही. बाकीच्या गाड्यांच्या पाट्या मार्करने खरडलेल्या, आणि त्यांच्यात ही एकटीच लग्नाला निघाल्यासारखी. प्रवासी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी मात्र ती गाडी दिसली की दोन मिनिटं थांबते. पेंटरकाकांनी रंगवलेल्या शेवटच्या काही पाट्यांतली ती एक आहे, आणि पेंटरकाका जाऊन आता वर्ष होत आलं.

बोर्ली पंचतनजवळच्या एका गावात मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होते, तेव्हा ते माझे घरमालक होते. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे, तर मीही घेत नाही. सत्तरीला टेकलेला, काटकुळा, कायम पांढऱ्या शर्टातला माणूस. धंदा पाट्या रंगवण्याचा, त्यामुळे शर्टाचा एक कफ नेहमी काळा. लग्न केलेलं नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, मांजरसुद्धा नव्हतं.

राहायला गेले त्या आठवड्यात मी दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावली होती : 'बाई घरी नसल्यास शेजारी ठेवावी.' संध्याकाळी शाळेतून येते तर चिठ्ठीत 'ठेवावी'च्या आधी काळ्या ऑइलपेंटने 'दुधाची पिशवी' हे दोन शब्द घातलेले, वळणदार अक्षरात. मी तणतणत गेले. माझ्या चिठ्ठीला हात लावायचा यांना काय अधिकार?

"पुन्हा वाचा," ते शांतपणे म्हणाले. "कोणाला शेजारी ठेवायचं लिहिलं होतंत?"

मी मनात वाचलं आणि तिथेच हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत. "तुम्हाला हसू येतंय," ते म्हणाले, "पण वाचणारा कुठून वाचेल सांगता येत नाही."

हे वाक्य मी पुढे तीन वर्षांत शंभरदा ऐकलं असेल. त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असे. तिच्यात काळ्या रंगाचा लहान डबा, दोन नंबरचा ब्रश आणि टर्पेंटाइनचा बोळा. जाता येता जी पाटी खटकेल ती हा गृहस्थ कुणाला न विचारता दुरुस्त करून मोकळा होई. बोर्लीच्या बाजारात एका दातांच्या डॉक्टरने लिहिलं होतं, 'येथे दात पाडून मिळतील.' काकांनी ते 'दुखरे दात काढले जातील' असं केलं. पिठाच्या गिरणीत 'डबे व बायका डाव्या बाजूला' होतं, तिथे बायकांना त्यांनी वेगळी ओळ दिली. चौकात श्रद्धांजलीच्या फलकाखाली 'शुभेच्छुक : मित्रमंडळ' दिसलं, तेव्हा भर गर्दीत स्टूल मागून वर चढले आणि 'शुभेच्छुक' काळं करून खाली उतरले. मित्रमंडळातली चार टगी पोरं बघत उभी होती, पण कुणी ब्र काढला नाही. गावाला सवय झाली होती. "पेंटर येऊन गेला वाटतं," एवढंच म्हणत.

नवीन पाटीचा मजकूर ते आधी तिघांकडून वाचून घेत. एक लहान मूल, एक म्हातारं माणूस आणि एक वात्रट माणूस. तिघांनाही एकच अर्थ लागला तरच ब्रश उचलायचा. वात्रट माणूस म्हणून त्यांनी माझी नेमणूक केली, हा माझ्या आयुष्यातला एकमेव पुरस्कार.

दुसरी सवय मला कळायला वेळ लागला. रोज तिन्हीसांजेला ते बाहेरून येत आणि स्वतःच्याच घराची कडी वाजवत. तीन वेळा. मग थांबत. आत कुणी नसे, दाराला कुलूप नसे, नुसतं लोटलेलं असे. थोडा वेळ तसेच उभे राहत, मग दार ढकलून आत जात. सुरुवातीला मला वाटलं, उंदीर-विंचू पळावेत म्हणून करत असतील. एकदा पडवीत वह्या तपासताना मी मनात आकडे मोजले. दहा. दुसऱ्या दिवशी मोजले. दहाच. मग मात्र मला कसंतरी झालं आणि मी मोजायचं सोडून दिलं.

ते दारही बघण्यासारखं होतं. अस्सल फणसाच्या लाकडाचं, पिवळंजर्द. पण खाली नडगीएवढ्या उंचीवर एक पांढुरका पट्टा, खारं पाणी लागून गेल्यासारखा. समुद्र तिथून अर्धा मैल लांब. घरात पाणी शिरायचा प्रश्नच नव्हता.

सगळं उलगडलं ते एका रविवारी. माझी मैत्रीण तिच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. काकांनी त्या पोरीला खडूने मोर काढून दिला, पोरगी खूश. मैत्रीण सहज म्हणाली, "काकांना मुका दे बघू." पोरगी त्यांच्याकडे धावली आणि काका उठून उभे राहिले. चेहरा असा झाला, जणू कुणी भर बाजारात थोबाडीत मारली. पायात चपला न घालता बाहेर निघून गेले ते दिवे लागल्यावर आले. कडी वाजवली, दहा मोजले, आत गेले. पोरगी बिचारी रडत घरी गेली.

मी बोर्लीला हमीदभाईंकडे गेले. हमीदभाईंचं बाजारात चपलांचं दुकान. आयुष्य कुवेतला काढून परतलेले, आणि काकांचे एकुलते एक मित्र. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, नुसते शेजारी बसत.

माझं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तौबा, तौबा. तो शब्द त्याच्यासमोर काढायचा न्हाय, बाई. चाळीस वर्सं झाली, आम्ही कोणी काढत न्हाय."

"कुठला शब्द?"

त्यांनी दुकानात गिऱ्हाईक नाही हे बघून घेतलं, तरी आवाज खाली आणला. "मुका."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी हमीदभाई सुट्टीवर येताना एक लहान फिल्म कॅमेरा घेऊन आले. त्याच्यात आवाज भरायची सोय नव्हती. पेंटरच्या डोक्यात किडा वळवळला : आपण विनोदी सिनेमा काढायचा. गोष्ट एवढीच, की एक माणूस सुताराकडून नवं दार घेऊन डोक्यावरून घरी निघतो. दमला की वाटेत जिथे असेल तिथे दार उभं करतो. आणि दार उभं दिसलं की लोक त्याला दारासारखंच वागवतात. कडी वाजवतात, पाय पुसतात, आत येऊ का विचारतात. दार घेऊन जाणारा पेंटर स्वतः. आणि त्याला भेटणारी मुलगी म्हणजे गावच्या बालवाडीवर शिकवणारी कुंदा.

"रील इथं धुऊन मिळायचा न्हाय," हमीदभाई म्हणाले. "मी कुवेतला नेणार, तिथं धुणार, पुढल्या सुट्टीत घेऊन येणार. म्हंजे आज केलेला काम बघायचा तर एक वर्स. असा तीन वर्सं चालला. कधी मी बोललो, जाऊ दे रे, तर हा बोलायचा, कुंदा येणार हाय ना, मग करू."

चौथ्या वर्षी सगळे तुकडे जोडून अठरा मिनिटांचा सिनेमा तयार झाला. भातगिरणीच्या गोदामात दुपारी दाखवायचा ठरला. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला. राहिली पाटी.

"पेंटर बोलला, 'मूकपट' लिहितो. मी बोललो, येडा काय? मूकपट कोणाला समजंल? सोपा लिही. माणूस बोलत नसला की आपण काय बोलतो? मुका. तेच लिही." हमीदभाई थांबले. "माझीच अक्कल, बाई. अल्लाकसम, माझीच."

म्हणून गावाच्या मधोमध, पिंपळाला टेकवून, त्या सुंदर अक्षरात पाटी लागली :

'आपल्या गावात प्रथमच! मुका सिनेमा. कलाकार : पेंटर आणि कु. कुंदा. सर्वांनी सहकुटुंब पाहावा.'

दुपारी गोदाम पुरुषांनी ठेचून भरलं. दोन पलीकडच्या गावांतूनही लोक आले. बाई एकही नव्हती. कुंदाला तिच्या वडिलांनी पाटी वाचून घरात कोंडलं होतं. सिनेमा सुरू झाला. अठरा मिनिटं कुणी हसलं नाही, खोकलंसुद्धा नाही. सगळे टक लावून वाट बघत होते. सिनेमा संपला, गोणपाटं उघडली, तेव्हा मागून एकजण उठला आणि म्हणाला, "मुका कुठाय?"

मग गोंधळ. "कापला! सरपंचानं कापून घेतला!" लोकांनी पुन्हा दाखवायला लावला. दुसऱ्यांदाही नव्हता, कुठून असणार? पण खरी गंमत पुढेच आहे, आणि ती ऐकताना मला हसावं की रडावं कळेना. बाहेर जागा न मिळालेले लोक उभे होते. त्यांनी आतून येणाऱ्यांना विचारलं, "कसा होता?" आता दोनदा बसून फसलो हे कोण कबूल करील? एकजण म्हणाला, "होता." दुसरा म्हणाला, "चांगला लांब होता." संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाने तो मुका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

कुंदाचं माणगावला लग्न ठरलेलं होतं, ते आठ दिवसांत मोडलं. तिचे वडील पेंटरच्या अंगणात येऊन म्हणाले, "परत माझ्या पोरीच्या वाटेला यायचं न्हाय. तिच्याशी बोलायचं न्हाय, तिच्या गावाला जायचं न्हाय. शब्द दे." पेंटरने शब्द दिला. नंतर तिला तळ्याला एका बिजवराला दिली. तेव्हापासून पेंटर रंग आणायला माणगावपर्यंत जाई आणि तिथूनच परत फिरे. तळा तिथून काही लांब नाही. पण शब्द म्हणजे शब्द. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी.

"आणि ते दार?" मी विचारलं.

"घराला लावला. दुसरा काय करणार?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चाळीस वर्षं हा माणूस तालुकाभर हिंडून लोकांच्या पाट्या नीट करतोय, कारण एकदा त्याचा एक शब्द चुकला.

रीळ त्यांच्याकडेच होतं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर. मी मागितलं तेव्हा त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी डबा माझ्या पडवीत आणून ठेवला. माझा भाऊ पुण्यात व्हिडिओचं काम करतो. त्याने ते कुठे कुठे नेऊन संगणकात घेतलं. पहिल्यांदा आम्ही दोघांनी ते माझ्या खोलीत बसून पाहिलं. म्हणजे मी पाहिलं. काका पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि मी हसले. अहो, पोट धरून हसले! बाजारात उभ्या केलेल्या दाराबाहेर लोक चपला काढतात आणि दारापलीकडच्या रस्त्यावर अनवाणी चालत जातात. एक म्हातारा दारातून जायला उंच पडतो म्हणून वाकतो, आणि पलीकडे गेल्यावरही वाकलेलाच राहतो. एकदा पेंटर दारातून आत जातो तो पलीकडे निघतच नाही, गायबच होतो. कॅमेरा मध्येच बंद करून केलेली ती जादू. आणि एक बकरी. ती दारातून जायला तयार नसते. तिला ढकलतात, ओढतात, पाला दाखवतात. चित्रण तीन वर्षं चाललेलं, त्यामुळे ढकलायला लागतात तेव्हा ती पिल्लू असते आणि पलीकडे निघते तेव्हा तिच्यामागे दोन पिल्लं असतात. मी डोळे पुसत होते. काका हळूच म्हणाले, "हसू येतंय?" मी मान हलवली. त्यांनी खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला.

शेवट समुद्रावर. ओहोटीच्या ओल्या वाळूत दार उभं. आजूबाजूला भिंत नाही, काही नाही, नुसतं दार. कुंदा येते, दारातून पलीकडे जाते आणि दार लावून घेते. पेंटर धावत येतो, बंद दार बघून थांबतो. बाजूने जायला अख्खा किनारा मोकळा आहे, पण हा कडी वाजवतो आणि सभ्य माणसासारखा उभा राहतो. पायाशी पाणी येऊ लागतं. तो केस नीट करतो. वाट बघतो. आणि सिनेमा संपतो.

नेटवर टाकायला त्यांनी एका अटीवर परवानगी दिली : वरचा मजकूर ते लिहिणार. आठ दिवस घेतले, तिघांकडून वाचून घेतला. 'दार. आवाज नसलेला सिनेमा. यात कुणी कुणाचं काहीही घेत नाही.' निम्मे लोक तर ही ओळ वाचूनच हसले.

महिन्याभरात तो सिनेमा कुठल्या कुठे गेला. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत बकरी बकरी खेळू लागली. पुण्यात एका सिनेमावाल्यांच्या मंडळाने तो मोठ्या पडद्यावर दाखवला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका विद्वानाने लिहिलं की दार हे समाजव्यवस्थेचं प्रतीक आहे. मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दार फणसाचं आहे." दुसऱ्याने लिहिलं, दिग्दर्शकाने शेवट धाडसाने उघडा ठेवलाय. त्यावर म्हणाले, "उघडा कुठं? बंदच आहे."

कौतुकाने हा माणूस तसूभर हलला नाही. मी रोज सांगे, आज इतक्यांनी पाहिला, आज परदेशातून कुणी लिहिलं. ते ऐकून घेत आणि एकच विचारत : "तळ्याला पोचला का?"

"काका, नेटवर सगळीकडेच पोचतो."

"ते झालं. तळ्याला पोचला का?"

"ते कसं कळणार?"

"मग नाही पोचला," ते म्हणत. "त्यात तसलं काही नव्हतं, एवढं तिला दिसायला हवं. बाकी पुण्याला दिसून काय करू?" एकदा मी वैतागून म्हटलं, मी फोन नंबर शोधून काढते, बोला तुम्ही. तर म्हणाले, "शब्द दिलाय." माझी चिडचिड व्हायची. शब्द घेणारा राहिला नाही, देणारा म्हातारा झाला, आणि शब्द मात्र जिथल्या तिथे.

पुढे माझी बदली माणगावला झाली. मी शब्द दिलेला नव्हता. एका शनिवारी दुपारी मी तळ्याला गेले.

"बालवाडीच्या बाई" म्हटल्यावर पहिल्याच माणसाने घर दाखवलं. कुंदाताई ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. साठी उलटलेली, गोरी, जाड भिंगांचा चष्मा. नवरा वारलेला, मुलगा पनवेलला. मी कुठून आले ते सांगितलं, तसे त्यांचे हात थांबले.

"तो सिनेमा मी बघणार न्हाय," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे त्यात काय आहे."

"काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मुका."

"नाही हो ताई. ती पाटी चुकली होती. त्यांना म्हणायचं होतं..."

"पाटीचं कळलं होतं मला तेव्हाच," त्या म्हणाल्या. "मी बालवाडीत शिकवत होते, मला मराठी येतं. पाटीवर मी एक दिवससुद्धा रागावले न्हाय. पण माझ्या सख्ख्या चुलतभावानं सांगितलं, डोळ्यांनी बघितला म्हणून. तिघांनी सांगितलं. मला वाटलं, हा माणूस कॅमेऱ्यातून माणूस गायब करतो, तर हे पण केलं असेल काहीतरी जोडजाड करून. पाटी चुकते हो. पण लबाडी?"

मी फोनवर सिनेमा लावला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी ओले हात पदराला पुसले. आधी मान वळवून, मग सरळ, मग फोन स्वतःच्या हातात घेऊन त्या बघू लागल्या. बकरी आली तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की वालाची परात कलंडली. नंतर किनारा आला. त्यांनी फोन चष्म्याजवळ नेला. सिनेमा संपला तरी त्या काचेवर बोट आपटत राहिल्या.

"पुढं?"

"संपला, ताई. एवढाच आहे."

"एवढाच कसा? पुढं मी दार उघडलं होतं."

"उघडलं होतंत?" मी विचारलं.

"पेंटरनं सांगितलं होतं, कडी वाजली की दहा मोजायचे आणि उघडायचं. मी दहा मोजले. हळू मोजले असतील. मला पलीकडचं काय दिसणार? उघडलं, तर हा तिथं न्हाय. रीळ संपलं म्हणून हमीद ओरडला होता, तर हा गेलेला त्याच्याकडं. दोघं पाठमोरे, कॅमेऱ्यात डोकं घालून." त्यांनी फोन मला परत दिला आणि परात सरळ केली. "मी उभी होते तशीच. मग पाणी आलं, साडी भिजली. मग लावलं दार."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"पुढल्या वर्षी सांगणार होते," त्या म्हणाल्या. "सिनेमा बघताना."

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी काकांकडे गेले. ते पडवीत एका घरगुती खानावळीची पाटी रंगवत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "तळ्याला पोचला."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "पाहिला तिनं?"

"पूर्ण पाहिला. आणि हसल्या."

"कुठं?"

"बकरीला."

"तिथं मीपण हसलो होतो," ते म्हणाले. "हमीद शिव्या घालत होता, शॉट खराब होतो म्हणून." आणि बऱ्याच वर्षांनी, निदान मी तरी पहिल्यांदाच, त्यांना दात दिसतील असं हसताना पाहिलं.

मग मी बाकीचं सांगितलं. पाटीवर त्या कधीच रागावल्या नव्हत्या, हे सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग गुडघ्यावरच्या अर्धवट पाटीकडे बघत बसले. काय वाटलं असेल त्यांना? चाळीस वर्षांचा तो काळा डबा, ते स्टुलावर चढणं, ती श्रद्धांजली, माझी दुधाची पिशवी. मला माझंच बोलणं नकोसं झालं. पण दाराचं सांगायचं राहिलं होतं, तेही सांगून टाकलं. दहा मोजून त्यांनी दार उघडलं होतं. तुम्ही पाठमोरे होतात.

काकांनी मान वळवून दाराकडे बघितलं.

"किती वेळ उघडं ठेवलं होतं?"

मी गडबडले. "ते... ते मी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. रागाने नाही, पण माझ्या आजवरच्या सगळ्या चुकांत ही एक चूक मला आजही टोचते.

"फोन लावू? तुम्हीच विचारा."

"फोनवर नको." ते उठले. रंगाचे हात धुतले, दारापाशी गेले, आणि त्या पांढुरक्या पट्ट्यावर पायाच्या अंगठ्याने रेघ ओढल्यासारखं करून म्हणाले, "उद्या जाऊन विचारतो."

दुसऱ्या दिवशी ते माणगावला उतरले तेव्हा मी नाक्यावर गेले होते. शर्ट इस्त्रीचा, दोन्ही कफ पांढरे. खांद्याला पिशवी होतीच, ती काही सुटणार नव्हती. तळ्याला जाणारी एक निळी मॅजिक भरत आली होती. ड्रायव्हर परप्रांतातला, नवा. त्याने ऐकून ऐकून पुठ्ठ्यावर मार्करने गावाचं नाव लिहिलं होतं : 'टाळा'.

मी ते वाचलं आणि जीभ चावली. काकांनीही वाचलं. त्यांचा हात सवयीने पिशवीत गेला. डबा हाताला लागला असणार, कारण त्याचं झाकण वाजलेलं मला ऐकू आलं. ते त्या पाटीसमोर उभे राहिले, ओठ हलवत, आणि मला वाटलं आता काही खरं नाही, आता टर्पेंटाइन, मग रंग, मग तो वाळेपर्यंत थांबणं, आणि तोवर हा माणूस परत फिरणार.

"चलो चाचा," ड्रायव्हर म्हणाला, "आगे की एक सीट बाकी है."

काकांनी हात पिशवीतून बाहेर काढला. तो रिकामा होता. ते वर चढले आणि पुढच्या सीटवर, त्या पाटीच्या मागे, पिशवी मांडीवर घेऊन बसले.

"काका, पाटी?" मी खिडकीतून विचारलं.

"येताना करतो," ते म्हणाले. "आत्ता उशीर होईल."